पोलिसांचा अन्याय, नोकरीतला सूड: भरपाईचा दावा कसा उभा करायचा

पोलिसांनी विनाकारण कोठडीत बसवलं, मारहाण केली, खोट्या गुन्ह्यात गोवलं. किंवा वरिष्ठांविरुद्ध तक्रार केली म्हणून कंपनीने बदली केली, निलंबित केलं, घरी बसवलं. दोन्ही ठिकाणी माणूस आधी कोलमडतो, मग चिडतो, आणि मग महिनोन् महिने इकडेतिकडे अर्ज करत फिरतो. मुख्यमंत्र्यांना निवेदन, आमदारांना पत्र, वर्तमानपत्रात बातमी. या सगळ्यात सहा महिने निघून जातात. पुढे वकिलाकडे गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो तारखांचा, आणि तिथेच बरीच खरी प्रकरणं संपतात.

अशा दाव्यांत सत्य कुणाच्या बाजूला आहे याला महत्त्व आहेच, पण ते सत्य तारीख घालून कुठल्या कागदावर उतरलं, यावर निकाल जास्त अवलंबून असतो. म्हणून या लेखात कलमांइतकाच भर कागदांवर आणि मुदतींवर दिला आहे. सगळी माहिती महाराष्ट्रापुरती आहे.

आधी ठरवा: हवंय काय?

शिक्षा, पैसे आणि नोकरी या तीन वेगळ्या मागण्या आहेत आणि त्यांचे दरवाजेही वेगळे आहेत. पोलिसाला शिक्षा हवी असेल तर फौजदारी मार्ग. भरपाई हवी असेल तर दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालयातली रिट याचिका, म्हणजे हक्कभंगाबद्दल थेट उच्च न्यायालयात केलेला अर्ज. नोकरी परत हवी असेल तर कामगार न्यायालय, औद्योगिक न्यायालय किंवा प्रशासकीय न्यायाधिकरण. हे मार्ग एकाच वेळी चालवता येतात, पण एका दारात मागितलेली गोष्ट दुसऱ्या दारातून मिळत नाही. 'माझ्याविरुद्ध केलेल्या कारवाईची चौकशी व्हावी' असा अर्ज दहा ठिकाणी देऊन एक रुपयाही भरपाई मिळत नाही, कारण भरपाई मागितलेलीच नसते.

फौजदारी खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो, आणि कर्तव्याशी संबंधित कृत्य असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या सध्याच्या कायद्याच्या) कलम २१८ खाली सरकारच्या मंजुरीचा अडसर येतो. दिवाणी दाव्याला ही मंजुरी लागत नाही, आणि तिथे 'असं घडल्याची शक्यता जास्त' इतपत पुरावा पुरतो. फौजदारी तक्रार अडली म्हणून हताश झालेल्यांना हा फरक क्वचितच कुणी समजावून सांगतं.

पहिले काही दिवस

मारहाण झाली असेल तर सगळ्यात आधी सरकारी रुग्णालय. खासगी डॉक्टरकडे उपचार घ्या, हरकत नाही, पण नोंद सरकारी रुग्णालयात एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे कायदेशीर प्रकरणातली वैद्यकीय नोंद) म्हणून झाली पाहिजे. केसपेपर लिहिताना डॉक्टर विचारतात, 'कशाने लागलं?' तिथे 'पडलो' असं सांगू नका. कुणी मारलं, कुठे, केव्हा आणि कशाने, हे स्पष्ट सांगा आणि तसं लिहिलंय का ते वाचून पाहा. जखमांचा रंग, आकार आणि जागा नोंदवायला सांगा, कारण जखम किती ताजी आहे हे रंगावरून ठरतं. पट्ट्याचे वळ चार दिवसांत फिके होतात. केसपेपरवरची ओळ राहते. जखमांचे फोटो काढा, एक जवळून आणि एक चेहरा दिसेल असा. ते ज्या फोनवर काढले तो फोन विकू नका किंवा रीसेट करू नका. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि मूळ उपकरण हाताशी असलं की ते देणं सोपं जातं.

अटकेत असताना हे सगळं शक्य नसतं. पण तिथेही दोन संधी मिळतात. पहिली वैद्यकीय तपासणीची. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ नुसार अटक झालेल्या व्यक्तीची तपासणी करावी लागते आणि अहवालाची प्रत तिला किंवा तिने नेमलेल्या माणसाला द्यावी लागते. दुसरी संधी दंडाधिकाऱ्यांसमोर हजर केल्यावर. न्यायाधीश विचारतात, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?' शेजारी तेच पोलीस उभे असतात. येताना गाडीत 'काही बोललास तर बघ' असं सांगितलेलं असतं. माणूस मान हलवून 'नाही' म्हणतो, आणि रिमांडच्या कागदावर 'गैरवर्तनाची तक्रार नाही' अशी एक ओळ पडते. दोन वर्षांनी भरपाईच्या दाव्यात सरकारी वकील सर्वांत आधी तीच ओळ वाचून दाखवतात. त्यामुळे नातेवाइकांनी वकिलाला हजेरीच्या आधीच गाठावं आणि तक्रार असेल तर ती तिथल्या तिथे, शक्यतो लेखी, मांडावी. त्या वेळी बोलणं झालंच नाही तर जामीन मिळाल्याबरोबर त्याच न्यायालयात अर्ज देऊन तेव्हा गप्प का बसलो ते लिहावं.

सीसीटीव्हीचं फुटेज मागायलाही उशीर करू नका. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवायला आणि रेकॉर्डिंग १८ महिने, निदान एक वर्ष, जपायला सांगितलं. प्रत्यक्षात 'कॅमेरा बंद होता' हे उत्तर वारंवार ऐकू येतं. तरीही अर्ज द्याच. एक साधा नमुना:

'दि. __ रोजी दुपारी __ ते रात्री __ या वेळेत मला __ पोलीस ठाण्यात बसवून ठेवण्यात आले होते. त्या वेळेचे प्रवेशद्वार, ठाणे अंमलदार कक्ष, लॉकअप व मार्गिका येथील सीसीटीव्ही चित्रण आवाजासह जतन करावे. सदर चित्रण न्यायालयीन कामकाजात पुरावा म्हणून लागणार आहे. चित्रण उपलब्ध नसल्यास कोणत्या तारखेपासून, कोणत्या कारणाने ते उपलब्ध नाही हे लेखी कळवावे.'

शेवटचं वाक्य गाळू नका. फुटेज मिळालं तर उत्तमच. 'बंद होता' असं लेखी मिळालं तरी ते तुमच्या उपयोगाचं आहे, कारण नादुरुस्ती केव्हा कळवली आणि दुरुस्तीसाठी काय केलं हे त्यांना दाखवावं लागतं. अर्ज ठाण्यात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पोच द्यायला नकार मिळाला तर त्याच दिवशी पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तालयाला स्पीड पोस्टाने पाठवा, ईमेलही करा. मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली तर फुटेज सुरक्षित ठेवण्यासाठी आयोगही ते मागवू शकतो, आणि सैनी निकालातच तसं सांगितलेलं आहे.

पाठोपाठ माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून स्टेशन डायरीतल्या त्या दिवसाच्या नोंदी, लॉकअप रजिस्टर, कर्तव्यावरच्या कर्मचाऱ्यांची हजेरी आणि सरकारी वाहनाचं लॉगबुक मागा. तपास चालू असल्याचं सांगून काही गोष्टी नाकारल्या जातील, तेव्हा पहिलं अपील ३० दिवसांत करा. माणूस ताब्यात असतानाच माहिती हवी असेल तर ती जीविताशी आणि स्वातंत्र्याशी संबंधित ठरते आणि ४८ तासांत द्यावी लागते. अर्जात ते ठळक लिहा.

अटक कुठे चुकली ते शोधा

बेकायदा अटक सिद्ध करायला मारहाण झालेलीच असावी लागते, असं नाही. कागदांतल्या त्रुटी पुरेशा बोलक्या असतात. अटकेचा पंचनामा केला का? त्यावर कुटुंबातल्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची आणि तुमची सही आहे का? अटकेची कारणं सांगितली का? नातेवाइकांना कळवलं का, आणि ते नोंदवलं का? चौकशीदरम्यान वकिलाला भेटू दिलं का? २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर नेलं का? सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस न देता थेट अटक केली का? अर्नेशकुमार प्रकरणापासून, म्हणजे २०१४ पासून, सर्वोच्च न्यायालय अशा अटकेची कारणं लेखी मागत आलं आहे.

एक युक्ती नेहमी दिसते. माणसाला सकाळी उचलायचं आणि 'अटक' रात्री उशिरा दाखवायची, म्हणजे २४ तास रात्रीपासून मोजले जातात. याला उत्तर म्हणजे मोबाइलचं लोकेशन, घराजवळच्या दुकानाचा कॅमेरा, आणि 'अजून परत आला नाही' असे घरच्यांनी दिवसभरात केलेले फोन आणि मेसेज. घरच्यांनी दुपारीच पोलीस अधीक्षकांच्या ईमेलवर दोन ओळी पाठवल्या असतील तर ती वेळ कुणालाही बदलता येत नाही. स्त्रिया, १५ वर्षांखालची मुलं आणि साठीपुढचे पुरुष यांना साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावता येत नाही, त्यांच्या राहत्या ठिकाणीच जबाब घ्यावा लागतो. तसं झालं नसेल तर तेही नोंदवा.

मुदतीचं गणित, शांतपणे वाचा

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १६१ प्रमाणे पोलिसाने कर्तव्याच्या नावाखाली किंवा अधिकार ओलांडून केलेल्या कृत्याबद्दलचा दावा घटनेपासून सहा महिन्यांत दाखल झाला नाही तर तो फेटाळला जाऊ शकतो. शिवाय त्या अधिकाऱ्याला किमान एक महिन्याची नोटीस द्यावी लागते, आणि दाव्यात नोटिशीचा उल्लेख करून तिची प्रत जोडावी लागते. दुसरीकडे दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८० सांगतं की सरकारविरुद्ध किंवा सरकारी अधिकाऱ्याच्या अधिकृत कृत्याबद्दल दावा करायचा तर दोन महिन्यांची नोटीस आधी हवी.

हे दोन्ही एकत्र धरा. सहा महिन्यांत दावा आणि त्याआधी दोन महिने नोटीस, म्हणजे नोटीस फार तर चौथ्या महिन्याच्या अखेरीपर्यंत पोहोचली पाहिजे. टपाल, सुट्ट्या आणि वकील शोधण्यात जाणारा वेळ धरला तर दुसऱ्या महिन्यातच पाठवलेली बरी.

यातून सुटायची वाटही आहे. कोठडीत मारणं किंवा डांबून ठेवणं हे कर्तव्याच्या नावाखाली केलेलं कृत्यच नव्हे, त्यामुळे सहा महिन्यांची मर्यादा त्याला लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली महाराष्ट्रातल्याच आत्माराम प्रकरणात म्हटलं आहे. मुदतीच्या कायद्यात बेकायदा अटकाव संपल्यापासून एक वर्ष आणि खोटा खटला निकाली निघाल्यापासून एक वर्ष, अशी तरतूद आहे, आणि त्यात नोटिशीचा काळ वगळला जातो. पण ही कारणं उशीर झाल्यावर कामाला येतात. सहा महिन्यांत दावा घालणाऱ्याला हा वाद घालावाच लागत नाही, आणि समोरची बाजू पहिली दोन वर्षं याच मुद्द्यावर खेचू शकत नाही. सहा महिने उलटून गेले असतील तरी मात्र 'आता काही होत नाही' असं समजून घरी बसू नका. तुमचं प्रकरण कुठल्या मुदतीत बसतं हे वकिलाकडून तारखेनिशी लेखी काढून घ्या.

दावा की रिट याचिका?

१९४७ साली मेरठमध्ये पोलिसांनी एका सराफाचं सोनं जप्त केलं. ठाण्याच्या मालखान्यातून ते घेऊन हेड कॉन्स्टेबल पाकिस्तानात पळाला. सराफी पेढीने सरकारवर दावा केला आणि १९६४ साली कस्तुरीलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. जप्ती हे सार्वभौम काम, म्हणजे फक्त राज्यसत्तेलाच करता येणारं काम, त्यातल्या निष्काळजीपणाची भरपाई सरकार देणार नाही, असं कारण दिलं. हा निकाल अजून सरकारी वकिलांच्या तोंडी असतो.

पण पुढे वेगळी वाट निघाली. निर्दोष सुटूनही १४ वर्षं बिहारच्या तुरुंगात राहिलेल्या रुदुल साह यांना १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने थेट रिट याचिकेत भरपाई दिली. १९९३ साली ओडिशातल्या नीलाबती बेहेरा यांना मुलाच्या कोठडीतल्या मृत्यूबद्दल दीड लाख रुपये मिळाले. मूलभूत हक्कांचा भंग झाला की सार्वभौमत्वाची ढाल चालत नाही, हे त्या निकालाने स्पष्ट केलं. १९९६ च्या डिसेंबरमध्ये डी. के. बसू निकालात अटकेचे नियम आले आणि भरपाईचं तत्त्व पक्कं झालं. छत्तीसगडमधल्या एका डॉक्टरला स्वतःलाच चोर-लबाड म्हणणारी पाटी हातात देऊन पोलिसांनी फोटो काढायला लावला होता. २०१२ साली त्याला पाच लाख मिळाले, म्हणजे शरीराला इजा नसली तरी प्रतिष्ठेची किंमत न्यायालय मोजतं. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना २०१८ साली ५० लाख मिळाले. आणि २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयाने जेमतेम अर्धा तास लॉकअपमध्ये ठेवल्याबद्दल ५० हजार रुपये दोन उपनिरीक्षकांच्या पगारातून द्यायला लावले.

तेव्हा निवड अशी करावी. घटना कागदांवरूनच दिसत असेल, जसं की कोठडीतला मृत्यू, २४ तासांपेक्षा जास्त ताबा, जामीन होऊनही न सोडणं, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरसोबत ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंचही सुरू आहे, त्यामुळे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांचा मुंबईचा फेरा वाचतो. घटनेबद्दलच वाद असेल, साक्षीदार तपासावे लागतील, नुकसान मोठं आणि तपशीलवार सिद्ध करायचं असेल, तर दिवाणी दावा. रिटमधली रक्कम बहुतेक वेळा ठोक आणि बेताची असते, आणि ती मिळाल्यावरही पूर्ण भरपाईसाठी दिवाणी दाव्याचा हक्क शिल्लक राहतो. माझं मत विचाराल तर कोठडीतल्या अत्याचाराच्या प्रकरणात आधी रिट करावी, कारण तिथे खुलासा पोलिसांनाच करावा लागतो. पण म्हणून दिवाणी मुदत वाया जाऊ देऊ नये.

दिवाणी दावा प्रत्यक्षात

नोटीस महाराष्ट्र शासनाच्या संबंधित सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना आणि प्रत्येक अधिकाऱ्याला नावाने व हुद्द्याने जाते. तिच्यात तुमचं नाव-पत्ता, दाव्याचं कारण आणि मागणी या तिन्ही गोष्टी असाव्या लागतात. नोटिशीत न लिहिलेली गोष्ट पुढे दाव्यात घुसडली की हरकत येते, म्हणून ती घाईत लिहू नका. दावा जिल्ह्यात वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे आणि मुंबईत शहर दिवाणी न्यायालयात. प्रतिवादी म्हणून राज्य शासन आणि जबाबदार अधिकारी व्यक्तिशः, दोघांनाही करा. पैसे वसूल होतात ते शासनाकडून, पण अधिकारी व्यक्तिशः पक्षकार नसेल तर त्याच्यावर बोजा टाकता येत नाही.

रक्कम हवेतून काढू नये. समजा एका सुताराला २१ दिवस कामावर जाता आलं नाही आणि त्याची रोजची कमाई ९०० रुपये होती: १८,९०० रुपये. औषधोपचार १४,३०० रुपये, फोडलेला मोबाइल १२,००० रुपये, जामिनासाठी वकील २५,००० रुपये. हे झाले ७०,२०० रुपये, आणि यातल्या प्रत्येक आकड्यामागे पावती, ठेकेदाराचं पत्र किंवा बँकेचं पासबुक हवं. त्यावर वेदना, बदनामी आणि स्वातंत्र्य गेल्याची रक्कम मागायची. समजा ती तीन लाख धरली. या आकड्याला पावती नसते, त्यामुळे तो कशावरून धरला ते साक्षीतून दाखवावं लागतं. गल्लीतून हातकडी घालून नेलं हे पाहिलेला शेजारी किंवा त्यानंतर मोडलेलं लग्न, अशा गोष्टी इथे बोलतात. पन्नास लाखांचा दावा ठोकून दबाव आणायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, कोर्ट फी मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात भरावी लागते.

फी परवडत नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ खाली निर्धन वादी म्हणून परवानगी मागता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग, कोठडीत असलेले आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता वकील देतं. हेल्पलाइन १५१००.

आयोग आणि प्राधिकरण

राज्य मानवी हक्क आयोगाकडे फी नाही आणि वकीलही लागत नाही. पण घटनेला एक वर्ष झाल्यावर आयोग चौकशी करू शकत नाही, आणि त्याचा निर्णय शिफारशीच्या स्वरूपाचा असतो. राष्ट्रीय आणि राज्य आयोग, दोन्हीकडे एकदम तक्रार करू नका. पोलीस सुधारणांबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या प्रकाश सिंग निकालानंतर महाराष्ट्रात राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आलं. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा ताबा, खंडणी अशा तक्रारी तिथे चालतात. या दोन्हींचा मोठा फायदा म्हणजे पोलीस खात्याला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर पुढे दिवाणी दाव्यात दाखल करता येतं. पण तिथली सुनावणी चालू आहे म्हणून दाव्याची मुदत थांबत नाही. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात.

नोकरीतला सूड

इथे 'सूड' हा शब्द अर्जात दहा वेळा लिहून काही होत नाही. तो तारखांच्या ओळीतून दिसायला हवा. एका कागदाचे दोन भाग करा. डावीकडे तुम्ही केलेल्या गोष्टी: सुरक्षेची तक्रार, ओव्हरटाइमची मागणी, लैंगिक छळाची तक्रार, साक्ष, भ्रष्टाचाराची माहिती. उजवीकडे व्यवस्थापनाने केलेल्या: पहिला मेमो, कामाचा खराब शेरा, बदली, निलंबन. पाच वर्षं चांगले शेरे आणि तक्रारीनंतर तीन आठवड्यांत पहिला मेमो, हे एका पानावर दिसलं की न्यायाधीशांना फार सांगावं लागत नाही. तक्रार तोंडी केली असेल तर डावी बाजू रिकामी राहते. म्हणून आजच ईमेल करा: 'दि. __ रोजी मी आपल्याला प्रत्यक्ष भेटून सांगितल्याप्रमाणे…'

'राजीनामा दे, नाहीतर बडतर्फ करतो,' असं सांगून कोरा कागद पुढे केला जातो. लिहून देऊ नका. दबावाखाली दिलाच असेल तर त्याच दिवशी, घरी पोहोचल्यावर, तो मागे घेत असल्याचं कारणांसह ईमेलने कळवा. आठवड्याने कळवलेलं दडपण पटवणं फार कठीण जातं. बदली झाली तर 'आदेशाला आव्हान देण्याचा हक्क राखून रुजू होत आहे' असं लिहून रुजू व्हा, निदान स्थगिती मिळेपर्यंत. गैरहजर राहिलात तर मूळ अन्याय बाजूला पडतो आणि गैरहजेरीचं नवं दोषारोपपत्र हातात येतं. खातेनिहाय चौकशीतही तेच. ती कितीही बनावट वाटली तरी प्रत्येक तारखेला जा, कागदपत्रं मागा, उलटतपासणी घ्या, हरकती लिहून द्या. एकतर्फी झालेली चौकशी मोडून काढणं अवघड असतं. निलंबनकाळात पहिले ९० दिवस पगाराच्या निम्मा आणि नंतर, विलंब तुमच्यामुळे झालेला नसेल तर, ७५ टक्के निर्वाहभत्ता मिळायला हवा. मिळत नसेल तर लगेच लेखी मागा. आणि कंपनीच्या ईमेलवरचा स्वतःचा पत्रव्यवहार, पगाराच्या चिठ्ठ्या, शेरे हे वेळेत जपून ठेवा. ग्राहकांची गोपनीय माहिती मात्र उचलू नका, तेच बडतर्फीचं कारण होईल.

कुठे जायचं, हे तुम्ही कोण आहात यावर ठरतं. कामगार असाल तर अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा हे सगळ्यात धारदार हत्यार. त्याच्या चौथ्या परिशिष्टात सूडाने काढून टाकणं, धोरणाच्या आडून दुष्ट हेतूने बदली करणं, साक्ष दिली म्हणून भेदभाव करणं, हे सगळं आहे. तक्रारीची मुदत ९० दिवस, आणि तक्रारीसोबतच अंतरिम आदेश मागता येतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्यामुळे व्याख्या आणि मंच यांचा मेळ आता नव्याने घालावा लागतो, म्हणून वकिलाकडे लवकर जा आणि ९० दिवसांची मर्यादा सोडू नका.

व्यवस्थापकीय पदावर असाल तर मार्ग अरुंद आहे. दिवाणी न्यायालय खासगी मालकाला 'याला परत घ्या' असं सहसा सांगत नाही. नुकसानभरपाई मिळते, आणि तीही बहुधा नोटीस काळाच्या पगाराच्या आसपास. नेमणूकपत्रातल्या अटी, थकबाकी आणि बदनामी यांवर दावा उभा करावा लागतो. सूचिबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपनीत तक्रारदाराच्या संरक्षणाची दक्षता यंत्रणा कंपनी कायद्यानुसार असावीच लागते. तिथे केलेली तक्रार तारखेच्या ओळीत मोलाची ठरते. भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा २०१४ साली संसदेने मंजूर केला, पण तो अंमलात आणलेला नाही, ही आपल्याकडची मोठी उणीव आहे.

लैंगिक छळाच्या तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे, आणि कामाच्या ठिकाणची तक्रार समिती ती आणखी तीन महिन्यांनी वाढवू शकते. नोकरीवर परिणाम होईल अशी धमकी हीसुद्धा त्या कायद्याच्या व्याख्येत येते. तेव्हा सूड सुरू झाला की मूळ तक्रारीतच पुरवणी अर्ज द्या आणि चौकशीदरम्यान बदली किंवा तीन महिन्यांपर्यंतची रजा मागा. खासगी शाळेतल्या शिक्षकांसाठी शाळा न्यायाधिकरणाची मुदत तर फक्त ३० दिवसांची आहे.

सरकारी कर्मचाऱ्यांनी आधी खात्यात अपील किंवा निवेदन द्यावं. सहा महिने उत्तर आलं नाही तर पुढच्या एक वर्षात महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. दुसरं आणि तिसरं स्मरणपत्र दिल्याने ही मुदत वाढत नाही.

पोलीस दलातल्या कर्मचाऱ्यांना हे दोन्ही विषय एकाच वेळी भेडसावतात. वरिष्ठाने सांगितलेलं बेकायदा काम नाकारलं किंवा सहकाऱ्याविरुद्ध खरी साक्ष दिली की बदलीचा आदेश येतो. पोलीस अधिनियमात कार्यकाळ ठरवून दिला आहे आणि मुदतपूर्व बदलीला पोलीस आस्थापना मंडळाचा (बदल्या ठरवणाऱ्या समितीचा) निर्णय व कारणं लागतात. त्या बैठकीचं इतिवृत्त माहिती अधिकारात मागा. मॅटमध्ये पुष्कळदा त्यातलं कोरडं, कारणाविना वाक्यच आदेश पाडतं. शिक्षेऐवजी केलेली बदली टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सोमेश तिवारी प्रकरणात सांगितलं आहे.

कधी मालक सूड म्हणून चोरीची खोटी फिर्याद देतो. मग नोकरीचा वाद आणि पोलीस ठाणं एकत्र येतात. निर्दोष सुटल्यावर मालकाविरुद्ध द्वेषमूलक खटल्याबद्दल एक वर्षात दावा करता येतो, पण फिर्याद त्यानेच चालवली, तिला वाजवी कारण नव्हतं, हेतू द्वेषाचा होता आणि तुम्ही सुटलात, या चारही गोष्टी दाखवाव्या लागतात. नुसतं 'संशयाचा फायदा' देऊन सोडलं असेल तर काम कठीण होतं, म्हणून फौजदारी खटल्यातच उलटतपासणीत मालकाच्या तोंडून तक्रारीच्या आणि फिर्यादीच्या तारखा वदवून घ्या.

तडजोड आणि वसुली

मधल्या काळात 'मिटवून टाका' असा निरोप येईल. तडजोड करायला हरकत नाही, पण ती न्यायालयात नोंदवून, रक्कम आणि तारीख घालून. पैसे आधी, दावा मागे नंतर. फक्त 'मागे घेतो' एवढंच लिहून दिलं तर त्याच कारणावर पुन्हा दावा करता येत नाही.

निकाल लागला तरी पैसे आपोआप येत नाहीत. शासनाविरुद्धचा हुकूमनामा तीन महिने पूर्ण न होता अंमलात आणता येत नाही, असं दिवाणी संहितेचं कलम ८२ सांगतं. ते तीन महिने संपले की दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करा आणि व्याजही मोजून मागा. १९७१ च्या कायद्याखालची रक्कम मालक देत नसेल तर न्यायालयाकडून वसुली दाखला मागा. तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. हा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करायचा असतो.